जांभळ्या दिव्याखालची नखे

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ओपीडी संपता संपता आमच्या सिस्टरनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे खरं आहे का? युरोपात बंदी घातली आणि आपल्याकडे गल्लोगल्ली चाललंय." मेसेजमध्ये लाल अक्षरांत लिहिले होते की जेल नेलपॉलिशने कॅन्सर होतो, मूल होत नाही, म्हणून युरोपने ते बंद केले, आपल्या लेकीसुनांना पाठवा. सिस्टरच्या मुलीचे लग्न डिसेंबरात होते आणि नखांसाठी पार्लरमध्ये आगाऊ पैसे भरून झाले होते. त्यामुळे प्रश्न केवळ माहितीचा नव्हता.

असा मेसेज आला की डॉक्टरांपुढे दोन सोप्या वाटा असतात. 'अफवा आहे' म्हणून हसायचे, नाहीतर 'कशाला हवीत ही थेरं' म्हणून रागवायचे. दोन्हींत खरी गोष्ट हातून निसटते. हा मेसेज निम्मा खरा आहे, आणि त्यातल्या खोट्या निम्म्याच्या आड एक तिसरीच गोष्ट लपली आहे, जी मी गेली काही वर्षे त्वचारोगाच्या ओपीडीत पाहते आहे.

आधी बंदीविषयी. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत एका रसायनाला मनाई केली. त्याचे नाव ट्रायमेथिलबेन्झॉइल डायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड, व्यवहारात टीपीओ. म्हणजे बंदी जेल पॉलिशवर नाही, त्यातल्या या एका घटकावर आहे. मात्र ती कडक आहे. टीपीओ असलेली बाटली दुकानदाराने विकायची नाही आणि पार्लरवाल्यांनी उरलेला मालही वापरायचा नाही. कारण दिले आहे ते प्रजननावरील अपायाचे, कॅन्सरचे नव्हे. उंदरांना टीपीओ मोठ्या मात्रेत पोटातून दिले तेव्हा नरांच्या वृषणांवर परिणाम दिसले. त्यावरून हे रसायन प्रजननास घातक मानल्या जाणाऱ्या पदार्थांच्या '१ ब' या वर्गात गेले. युरोपचा कायदा असा, की त्या वर्गात नाव लागले की सौंदर्यप्रसाधनांतून ते बाहेर. सूट हवी असेल तर इतर अटींबरोबर 'दुसरा पर्यायच नाही' हे दाखवावे लागते. टीपीओला पर्याय आहेत. विषय संपला.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा, जो बातम्यांत नेहमी गाळला जातो. एखादा पदार्थ मुळात घातक असणे वेगळे आणि तुम्ही तो जसा वापरता त्यातून तुम्हाला अपाय होण्याची शक्यता वेगळी. फिनाइलची बाटली घातकच असते. ती झाकण लावून माळ्यावर ठेवली आहे की रांगत्या मुलाच्या हाताशी, यावर धोका ठरतो. युरोपच्याच ग्राहकसुरक्षेच्या वैज्ञानिक समितीने २०१४ साली कृत्रिम नखांच्या साहित्यात, प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून, ५ टक्क्यांपर्यंत टीपीओ सुरक्षित असल्याचे मत दिले होते. ती समिती धोका मोजत होती, नंतरचे वर्गीकरण घातकता मोजत होते. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. आतापर्यंत ज्यांनी जेल लावून घेतले त्यांनी घाबरून तपासण्या करायची गरज नाही, हे सिस्टरना मी त्याच दिवशी सांगितले.

शिवाय नखावरच्या थरातले टीपीओ दिव्याखाली बहुतांशी खर्च होऊन जाते. किंबहुना खर्च होण्यासाठीच ते तिथे घातलेले असते. ते कसे खर्च होते हे कळले तर खरा त्रास कुठे आहे हेही कळते, म्हणून थोडे रसायनशास्त्र.

साधे नेलपॉलिश वाळते म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो. तोच त्याचा वास. जेल या अर्थाने वाळतच नाही. बाटलीत मेथॅक्रिलेट आणि ॲक्रिलेट जातीचे छोटे, सुटे रेणू असतात आणि ते एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे टणक प्लास्टिक तुमच्या नखावरच तयार होते. ही जोडणी सुरू करून देण्याचे काम टीपीओचे. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा आणि अतिनील यांच्या सीमेवरचा प्रकाश त्याच्यावर पडला की रेणू तो शोषून घेतो आणि 'उत्तेजित' होतो. उत्तेजित रेणूला ती जादा ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. काही रेणू ती उष्णता म्हणून टाकतात, काही चमकून परत करतात. टीपीओ तिसरेच करतो. एका नॅनोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तो स्वतः तुटतो. त्यातला फॉस्फरस आणि कार्बन यांच्यामधला बंध फाटतो, बंधातले दोन इलेक्ट्रॉन एकेक वाटून घेऊन दोन तुकडे वेगळे होतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा असा तुकडा म्हणजे फ्री रॅडिकल. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला मुक्त मूलक म्हणतात.

फ्री रॅडिकल म्हटले की वाचकांना म्हातारपण थोपवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती आठवतील. त्या तूर्त बाजूला ठेवू. रॅडिकल म्हणजे एखादे विष नव्हे, ती रेणूची एक अस्वस्थ अवस्था आहे. लहानपणी साखळीची पकडापकडी खेळलेल्यांना ती लगेच समजेल. ज्याच्यावर राज्य असते तो पहिल्याला पकडतो, पकडलेला त्याचा हात धरतो आणि आता टोकाच्या मुलाचा मोकळा हात पुढच्याला पकडायला धावतो. मोकळा हात नाहीसा होत नाही, फक्त पुढे सरकतो. टीपीओच्या तुकड्याने मेथॅक्रिलेटचा एक रेणू पकडला की मोकळा इलेक्ट्रॉन त्या रेणूच्या टोकाला येतो, तो दुसऱ्याला पकडतो, दुसरा तिसऱ्याला. पापणी लवेपर्यंत साखळीत शेकडो रेणू गुंफले जातात. दोन साखळ्यांची मोकळी टोके एकमेकांना भिडली की खेळ थांबतो. प्रत्येक जोडणीत थोडी उष्णता बाहेर पडते. दिव्याखाली बोटे ठेवल्यावर काही जणींना मध्येच चटका बसतो तो या जोडण्यांचा. थर जाड असेल तर जास्त.

प्रकाश रेणूचे असे दोन तुकडे करतो या प्रकाराला ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड नॉरिश यांचे नाव आहे. नॉरिश आणि त्यांचे शिष्य जॉर्ज पोर्टर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजमध्ये एक युक्ती काढली. प्रकाशाचा एक जबरदस्त झोत टाकून रेणू तोडायचे आणि लगेच मागून दुसरा झोत टाकून त्या क्षणभंगुर तुकड्यांचा वर्णपट टिपायचा. पोर्टर युद्धात नौदलात रडारवर काम करून आले होते, झोत कसा नेमका सोडायचा हे त्यांना ठाऊक होते. १९६७ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना, जर्मनीच्या मॅनफ्रेड आयगन यांच्यासह, मिळाले. त्याच्याही आधी, १९०० साली, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मोझेस गोमबर्ग यांना कार्बनचा पहिला टिकाऊ फ्री रॅडिकल सापडला, तेव्हा त्यांच्या द्रावणाला पिवळा रंग आला होता. रंग दिसतो याचा अर्थ रॅडिकल स्वतःदेखील प्रकाश शोषतो. तोच पुन्हा उत्तेजित होतो आणि मग एरवी जे त्याला जमत नाही तेही करू लागतो. २०२० साली उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले की ॲक्रिडिनचा एक साधा रॅडिकल प्रकाशाने उत्तेजित केला तर इलेक्ट्रॉन देण्यात तो लिथियमसारख्या धातूशी बरोबरी करतो. औषधे बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण हाताळायला धोकादायक धातूंऐवजी दिवा वापरता येईल. नखांशी तिचा थेट संबंध नाही. पण प्रकाश पडल्यावर रेणू पूर्वीचा राहत नाही, एवढे त्यातून लक्षात यावे.

आता खेळात लुडबुड करणारा एक गडी. हवेतला ऑक्सिजन. त्याच्याकडे स्वतःचेच दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो साखळीचा मोकळा हात चटकन धरतो आणि मग पुढे खेळतच नाही. परिणाम असा की हवेला लागून असलेला जेलचा सगळ्यात वरचा थर अर्धवट राहतो. नखे करून घेतलेल्यांना आठवेल, दिव्यातून हात बाहेर काढल्यावर नखे टणक असतात पण वर चिकट ओल असते, आणि ती मुलगी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने ती पुसून काढते. ती ओल म्हणजे साखळीत न गेलेले सुटे रेणू. ग्राहक दोन-तीन आठवड्यांनी एकदा येते. पुसणारी मुलगी दिवसाला आठ-दहा जणींची, प्रत्येकीची दहा नखे पुसते.

साखळीत गेलेला मेथॅक्रिलेट निरुपद्रवी असतो. तो आता अवाढव्य झालेला असतो, त्वचेतून आत जाऊच शकत नाही. सुटा रेणू मात्र इतका लहान असतो की कातडीतून सहज पार होतो आणि आत आपल्या प्रथिनांना चिकटतो. शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला परका म्हणून ओळखायला शिकते. एकदा शिकली की सहसा विसरत नाही. या सुट्या रेणूंतला सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट, ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचे लघुरूप योगायोगाने 'हेमा' असे होते. आमच्या विभागात 'हिला हेमा आहे' असे वाक्य कानावर पडले की नवी निवासी डॉक्टर गोंधळते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. वय चोवीस, उपनगरातल्या एका नेल स्टुडिओत दोन वर्षांपासून कामाला. दोन्ही हातांची अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके कोरडी, जाड आणि भेगाळलेली. डाव्या हाताची जास्त. डाव्या हाताने ती ग्राहकाचे बोट धरते. पापण्या सुजलेल्या. सात महिने उपचार चालले होते. आधी बुरशी समजून गोळ्या, मग मेडिकलमधून आणलेले तीन औषधांचे मिश्र मलम, मग कोणीतरी सोरायसिस म्हटले, मग साबण बदलला. सुट्टीवर गावी गेली की बरे वाटायचे आणि कामावर आली की चौथ्या दिवशी पुन्हा भेगा. ही एवढी एक ओळ कोणी विचारली असती तर सात महिने वाचले असते.

"हातमोजे घालते ना मी, मॅडम," ती म्हणाली. घालत होतीही, पातळ लॅटेक्सचे, आणि ब्रश नीट धरता यावा म्हणून दोन बोटांची टोके कापलेले. लॅटेक्समधून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात. नायट्रिलचे बरे, पण तेही अर्धा-पाऊण तास घालून ठेवण्यासारखे नाहीत, आणि जेल लागले की लगेच बदलायचे असतात. एका ग्राहकामागे दोन-तीन जोड्या, असा हिशेब मांडला तर मालक काय म्हणेल हे तिने न विचारताच सांगितले.

निदान पक्के करायला पॅच टेस्ट लागते. पाठीवर संशयित पदार्थांचे लहान ठिपके चिकटवायचे, दोन दिवसांनी काढायचे, चौथ्या दिवशी पुन्हा पाहायचे. आमच्याकडच्या नेहमीच्या संचात ॲक्रिलेटची मालिका नव्हती. ती मागवण्यात पाच आठवडे गेले. शासकीय रुग्णालयात मागणीपत्राचा प्रवास कसा होतो हे वेगळे सांगायला नको. चौथ्या दिवशी 'हेमा'च्या जागी पाठीवर बारीक फोडांसह लाल चट्टा उठला होता, शेजारच्या आणखी दोन मेथॅक्रिलेटनाही. टीपीओची ॲलर्जीही वर्णन केलेली आहे, पण ती विरळ. आमच्या टेबलावर येणारे दुखणे जवळजवळ नेहमी या सुट्या रेणूंचेच.

परदेशात हे नवे नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संस्थेने २०१२ साली ॲक्रिलेटना त्या वर्षीचे प्रमुख ॲलर्जीकारक ठरवले होते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर इशारा दिला. त्यांच्या पाहणीत तपासलेल्यांपैकी २.४ टक्के लोकांना या गटातल्या निदान एका रसायनाची ॲलर्जी निघाली होती. घरी वापरायच्या संचांबद्दल त्यांनी विशेष सावध केले होते. युरोपनेही २०२० च्या नियमाने 'हेमा' असलेली नखांची प्रसाधने फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवली आणि ॲलर्जीचा इशारा छापणे सक्तीचे केले. त्या बातमीचा मेसेज मात्र आपल्याकडे कोणी फिरवला नाही. त्यात कॅन्सर नव्हता.

आता टीपीओच्या बंदीकडे परत येते, कारण माझी खरी काळजी इथे आहे. टीपीओ गेला तर त्याच्या जागी दुसरे काही येणारच, कारण साखळी कोणीतरी सुरू करायला हवी. बहुतेकांनी त्याचाच एक चुलतभाऊ, टीपीओ-एल, घेतला आहे. काही इतरही आहेत. टीपीओ लोकप्रिय का होता? तो एलईडी दिव्याचा प्रकाश चांगला शोषतो, तुटला की रंगहीन होतो, त्यामुळे प्रकाश खालच्या थरापर्यंत पोचतो आणि पांढरे नख पिवळे पडत नाही. टीपीओ-एल तोच प्रकाश कमी शोषतो. मग त्याच दिव्याखाली, तेवढ्याच सेकंदांत, कमी रॅडिकल तयार होतात आणि जास्त सुटे रेणू मागे राहतात. ज्या उत्पादकाने जेल, दिवा आणि वेळ यांचा मेळ नव्याने तपासला त्याच्याकडे ही अडचण येणार नाही. ज्याने फक्त बाटलीवर 'टीपीओ-फ्री' चिकटवले आणि ज्या पार्लरने जुनाच दिवा जुन्याच वेळेवर चालवला, तिथे ॲलर्जी वाढेल. हातात आलेले नख टणक लागते, चमकते. आतली जोडणी किती टक्के झाली हे बोट लावून कळत नाही. दिव्यावर लिहिलेल्या वॅटवरूनही कळत नाही. वॅट म्हणजे विजेचा खर्च. जेलला हवा आहे तो विशिष्ट लांबीच्या लहरींचा प्रकाश, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त दिव्यांत पाचातले दोन दिवे विझलेले असले तरी खोके जांभळे दिसतच राहते.

दिव्याबद्दलही विचारणा होते. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास छापला. नखांच्या दिव्याखाली माणसाच्या आणि उंदराच्या पेशी २० मिनिटे ठेवल्यावर २० ते ३० टक्के पेशी मेल्या. लागोपाठ तीनदा ठेवल्यावर ६५ ते ७० टक्के. उरलेल्यांच्या डीएनएत बदल दिसले. हे आकडे खरे आहेत, पण त्या पेशी बशीतल्या होत्या, त्यांच्यावर कातडीचा मृत थर नव्हता, आणि कोणी सलग २० मिनिटे हात दिव्याखाली ठेवत नाही. यावरून कॅन्सर होतो असे सिद्ध होत नाही, तसेच दिवा अगदी निर्धोक आहे असेही नाही. मी एवढेच सांगते की हातांना आधी सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोके मोकळी ठेवणारे जाड कापडी मोजे घाला. आणि मुरमांसाठी किंवा तापासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्या काळात दिवा टाळा. ते औषध घेताना उन्हानेसुद्धा नख खालच्या त्वचेपासून सुटू शकते.

दिव्याने रॅडिकल तयार करून शाई किंवा राळ घट्ट करणे हे नखांपुरते नाही. छापखान्यांत, फरशीच्या लेपात, फोनच्या काचेच्या चिकटवणीत हीच क्रिया चालते. २००५ साली इटलीत लहान मुलांच्या दुधाचे कोट्यवधी लिटरचे साठे जप्त झाले ते एका प्रकाशचालित घटकामुळेच. खोक्याच्या बाहेरच्या छपाईत तो होता. कागद गुंडाळून ठेवताना छापील बाजू आतल्या बाजूला टेकली आणि उरलेला अंश तिथून दुधात गेला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने नंतर आरोग्याला फारशी चिंता नसल्याचे सांगितले, पण छपाईची पद्धत बदलावी लागली. तिथेही गडबड झाली ती मागे उरलेल्या अंशामुळेच.

आणि दवाखान्यात तर हे रोजचे आहे. दातांचे डॉक्टर दाढेत 'सिमेंट' भरून निळा दिवा धरतात, तेव्हा आत हेच घडत असते. तिथे सुरुवात करणारा रेणू बहुधा कॅम्फरक्विनोन असतो आणि तो ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश घेतो. दातांच्या काही साहित्यात टीपीओही असतो. युरोपची बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती असल्याने त्याला लागू नाही. गुडघा किंवा खुबा बदलताना वापरतात ते सिमेंटही मेथॅक्रिलेटचेच, फक्त ते दिव्याशिवाय, दोन रसायने मिसळून घट्ट करतात. दंडावर चिकटवायच्या साखरेच्या सेन्सरने दंड सोलवटलेले रुग्ण जगभर दिसले, त्यांच्यात एका वेगळ्या ॲक्रिलेटचा दोष निघाला. म्हणजे चोविसाव्या वर्षी नखांच्या कामातून जडलेली ही ॲलर्जी तिच्या चाळिशीत दातांच्या खुर्चीवर आणि साठीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिच्याबरोबर असणार आहे. प्रत्येकीला तिथे त्रास होईलच असे नाही. पण त्या डॉक्टरला आधी ठाऊक असायला हवे.

आपल्याकडची स्थिती काय? युरोपचा नियम आपल्याला बांधत नाही. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, त्याखाली २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम आहेत आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. वेष्टनावर घटकांची यादी छापायची असते. पण ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव बाटल्यांना त्यातून सूट आहे. नेलपॉलिशची बाटली असते दहा-पंधरा मिलिलिटरची! जिथे यादीची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ती नसली तरी चालते. टीपीओवर बंदी घालायची की नाही यावर तज्ज्ञ समितीने हवा तेवढा वेळ घ्यावा. नखांच्या बाटलीवरची ही सूट काढायला मात्र कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि 'ॲलर्जी होऊ शकते' ही दोन वाक्ये मराठीत आणि हिंदीत छापायलाही नाही. आणि ज्या संस्था पंधरा दिवसांत नेल आर्ट शिकवून प्रमाणपत्र देतात, त्यांच्या अभ्यासक्रमात कातडीला जेल लागू न देणे, थर पातळ ठेवणे, त्याच कंपनीचा दिवा सांगितलेल्या वेळेइतका वापरणे, एवढा एक तास घालता येईल. चार खुर्च्यांच्या दुकानात कामगार विमा साधारणपणे नसतो. भेगा पडल्या की मुलगी घरी आणि दुसरी मुलगी खुर्चीत.

सिस्टरच्या मुलीने लग्नात जेलच लावले. मी नको म्हटले नाही. पार्लरमध्ये विचारायचे दोन प्रश्न सांगितले होते, जेल आणि दिवा एकाच कंपनीचे आहेत का, आणि किती सेकंद ठेवता. नखाच्या कडेच्या कातडीला जेल लागले तर दिव्याखाली जाण्याआधी पुसून घ्यायला सांगितले होते. खाज सुटली तर पुन्हा लावायचे नाही, हेही. पहिल्या प्रश्नाला तिला उत्तर मिळाले नाही म्हणून तिने दुकान बदलले.

ती चोवीस वर्षांची मुलगी मागच्या महिन्यात परत आली. भेगा भरल्या आहेत. नखांचे काम सुटले, आता मेंदी आणि थ्रेडिंग करते, पैसे बरेच कमी मिळतात. भावाची फी तीच भरत होती. तो आता संध्याकाळी डिलिव्हरीचे काम करतो. या वेळी ती हातांसाठी आलीच नव्हती, तिला दाढ भरून घ्यायची होती आणि मी सांगितले होते म्हणून आधी विचारायला आली. दंत विभागाला चिठ्ठी दिली : मेथॅक्रिलेट ॲलर्जी, राळ नसलेले साधे ग्लास आयोनोमर वापरावे. ते आम्ल आणि काचेच्या भुकटीच्या क्रियेने घट्ट होते, त्याला दिवा लागत नाही. केसपेपरच्या पहिल्या पानावर तेच लाल शाईत लिहिले. केसपेपर हरवतात हे तिला माहीत असावे. तिने तिथेच मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला.